बूट आणि पाते एक करणारे कलावंत : जॅक्सन हेन्स

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या बेळगावात स्केटिंग शिकणारी मुले आता गल्लोगल्ली दिसतात. पाठीवर दप्तर आणि हातात स्केट्सची पिशवी घेऊन शाळेतून थेट सरावाला जाणारे कितीतरी जण आपल्या ओळखीचे असतील. आपण चाकांचे स्केट्स वापरतो. थंड प्रदेशातली मुले बुटाखाली पोलादी पाते लावून बर्फावर घसरतात. दोन्हींचे मर्म मात्र एकच आहे. पायातला बूट आणि त्याच्या खालचा भाग जणू आपल्या शरीराचाच अवयव वाटला पाहिजे. हे ज्यांनी आपल्या कलेने जगाला पटवून दिले, त्या जॅक्सन हेन्स यांच्या आयुष्याची ही ओळख.

हेन्स यांचा जन्म १८४० च्या सुमारास अमेरिकेत न्यूयॉर्क येथे झाला. त्यांनी नृत्याचे, विशेषतः बॅलेचे शिक्षण घेतले होते. ते तरुण होत होते त्याच काळात न्यूयॉर्कमध्ये स्केटिंगची मोठी हौस पसरली. १८५८ च्या हिवाळ्यात तिथल्या सेंट्रल पार्कमधला तलाव गोठल्यावर लोकांना स्केटिंगसाठी खुला झाला आणि तिथे माणसांची झुंबड उडू लागली.

त्या वेळचे स्केट्स कसे होते? लाकडाची एक पट्टी, तिच्याखाली लोखंडी पाते आणि ते सारे रोजच्या बुटाला बांधायला चामड्याचे पट्टे. थोड्या वेळाने पट्टे ओले होत, सैल पडत आणि पाते पायाखाली डावीकडे-उजवीकडे सरकू लागे. १८५० च्या आसपास फिलाडेल्फिया येथील एडवर्ड बुशनेल यांनी पूर्ण पोलादी आणि बुटाला चिमट्याने घट्ट बसणारे स्केट्स बाजारात आणले. ही मोठी सुधारणा होती. तरीही पाते वेगळे आणि बूट वेगळा, ही अडचण पुरती संपलेली नव्हती.

त्या काळी स्केटिंगची रीतही ठरून गेलेली होती. शरीर ताठ ठेवायचे, हात अंगाशी ठेवायचे आणि बर्फावर पात्याने वर्तुळे, आठाचे आकडे अशा आकृत्या अचूक कोरायच्या. बघणारे कोरलेल्या रेघेकडे पाहत, माणसाकडे नाही. इंग्लंडमध्ये तर ही शिस्त फारच कडक होती. हेन्स यांच्या अंगात नृत्य भिनलेले होते. हात पसरावेत, कंबर झुकवावी, संगीताच्या तालावर गिरक्या घ्याव्यात, उड्या माराव्यात, असे त्यांना वाटे. पण बांधलेल्या पात्यांवर उडी मारणे म्हणजे पाय मुरगळून घेणेच. खाली येताना पाते केसभर जरी सरकले तरी तोल गेलाच.

यावर हेन्स यांनी केलेला उपाय साधा होता. त्यांनी पाते पट्ट्यांनी बांधणे सोडून दिले. टाचेखाली आणि चवड्याखाली धातूच्या पट्ट्या बसवून त्यांनी पाते स्क्रूने थेट बुटाच्या तळाला पक्के केले. स्केटिंगसाठीचा बूट वेगळा झाला आणि तो पात्यासकट एकच वस्तू बनला. घोट्याने जिकडे कल दिला तिकडे पातेही त्याच क्षणी वळू लागले. स्केटिंगच्या इतिहासात या बदलाचे श्रेय हेन्स यांना दिले जाते.

अशा बुटांच्या भरवशावर त्यांनी एक अवघड गिरकी बसवली. एका पायावर फिरता फिरता गुडघा वाकवत पार खाली बसायचे आणि दुसरा पाय पुढे लांब धरायचा. यात सारे शरीर बोटभर जागेवर तोललेले असते. ही गिरकी पुढे त्यांच्याच नावाने ओळखली गेली. आज तिला सिट स्पिन म्हणतात आणि ऑलिंपिकपर्यंत पोहोचणारा प्रत्येक खेळाडू ती शिकतो.

एवढे करूनही स्वतःच्या देशात त्यांच्या वाट्याला कौतुक कमीच आले. ताठ शैलीची सवय झालेल्या लोकांना हे नाचणे दिखाऊ वाटले. अशा वेळी दोन वाटा असतात. लोकांना आवडेल तसे करायचे, किंवा आपली कला समजून घेणारे लोक शोधायचे. १८६० च्या दशकाच्या मध्यात हेन्स यांनी दुसरी वाट धरली आणि ते युरोपला गेले. इंग्लंडमध्येही त्यांची शैली रुचली नाही. मात्र उत्तर आणि मध्य युरोपातल्या शहरांत लोक त्यांचे प्रयोग पाहायला गर्दी करू लागले.

खरे घर त्यांना मिळाले ते ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथे. हे शहर म्हणजे वॉल्ट्झ नृत्याचे माहेरघर. योहान स्ट्राउस यांच्या सुरावटी तिथे घरोघरी वाजत. १८६७ मध्ये तिथे स्केटिंगची एक संस्थाही स्थापन झाली होती. हेन्स यांनी बर्फावर संगीताच्या साथीने वॉल्ट्झ करून दाखवला आणि व्हिएन्नाकर हरखून गेले. हेन्स यांनी तिथे नुसते प्रयोग केले नाहीत, तर शिष्यही घडवले. त्यांच्या शिकवणीतून स्केटिंगची व्हिएन्ना पद्धत तयार झाली.

हिवाळ्यात एका देशातून दुसऱ्या देशात जायचे, गोठवणाऱ्या थंडीत प्रयोग करायचे, असे त्यांचे आयुष्य होते. या दगदगीत तब्येत ढासळली. फुप्फुसाच्या आजाराने १८७५ च्या जून महिन्यात फिनलंडमधल्या आज कोक्कोला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गावी त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. मायदेशापासून हजारो किलोमीटर दूर, त्याच गावात त्यांना पुरले आहे. थडग्यावरच्या दगडाने त्यांना अमेरिकेचा स्केटिंगसम्राट म्हटले आहे. अमेरिकेने मात्र त्यांना जिवंतपणी तो मान दिला नव्हता.

त्यांच्या मृत्यूनंतर सात वर्षांनी, १८८२ मध्ये, व्हिएन्ना येथे एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. नॉर्वेचे ॲक्सेल पॉलसेन यांनी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाणारी उडी तिथेच मारून दाखवली. १८९२ मध्ये स्केटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि १८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे फिगर स्केटिंगची पहिली जागतिक स्पर्धा भरली. तोवर हेन्स यांची मोकळी, नृत्यमय शैली युरोपभर रुजली होती. पुढे तीच अमेरिकेत परत गेली. १९७६ मध्ये फिगर स्केटिंगच्या जागतिक सन्मान दालनात पहिल्या मानकऱ्यांत हेन्स यांचे नाव घेतले गेले. तोपर्यंत त्यांच्या निधनाला शंभर वर्षे उलटली होती.

आपल्या चाकांच्या स्केट्सचा इतिहासही याच काळातला. न्यूयॉर्कचेच जेम्स प्लिम्प्टन यांना १८६३ मध्ये चार चाकी स्केट्सचे पेटंट मिळाले. बुटाखालची पट्टी आणि चाके यांच्यामध्ये त्यांनी रबर बसवले, त्यामुळे अंग ज्या बाजूला झुकवावे त्या बाजूला स्केट वळू लागले. पायाचा कल थेट चाकापर्यंत पोहोचावा, हाच विचार इथेही होता.

पालकांनी या चरित्रातून एक गोष्ट जरूर घ्यावी. मूल वाढत आहे, दोन वर्षे तरी बूट पुरावा, म्हणून आपण मोठ्या मापाचे स्केट्स घेतो. शाळेच्या बुटाला ते चालते, स्केट्सला चालत नाही. बूट सैल असला की टाच आत वर-खाली होते, घोटा डगमगतो आणि आपण पुन्हा पट्ट्याने बांधलेल्या जुन्या स्केट्सच्या काळात जाऊन बसतो. मूल पडते, घाबरते आणि दोष बुटाचा असूनही आपल्याला हे जमणारच नाही असे समजते.

म्हणून बूट घेताना मुलाला सोबत न्यावे. संध्याकाळी पाय किंचित फुगलेले असतात, तेव्हा उभे करून दोन्ही पायांचे माप घ्यावे. सरावात घालायचे तेच पातळ मोजे घालून बूट चढवावा. सरळ उभे राहिल्यावर बोटे पुढे हलकीच टेकावीत आणि गुडघे वाकवल्यावर किंचित मागे यावीत. टाच जागची हलू नये. नाड्या बोटांपाशी थोड्या सैल, पावलाच्या उंचवट्यावर आणि घोट्यापाशी घट्ट, तर अगदी वर पुन्हा जरा सैल बांधाव्यात, म्हणजे गुडघा मोकळा वाकतो. चामड्याचा बूट एकाच ठिकाणी टोचत असेल तर जाणकार कारागिराकडून तेवढाच भाग ताणून घेता येतो. फार कडक आणि महागडा बूट नवशिक्याला उलट अडचणीचा ठरतो, कारण तो वाकवायला पायात तेवढे बळ लागते.

सराव संपल्यावर बूट पिशवीत कोंबून ठेवू नयेत. नाड्या सैल करून, जीभ उघडून ते वाऱ्यावर सावलीत वाळवावेत. कडक उन्हात चामडे तडकते. चाकांवरची धूळ कोरड्या फडक्याने पुसावी आणि बेअरिंगला पाणी लागू देऊ नये. चाके एका बाजूने जास्त झिजतात, म्हणून अधूनमधून त्यांची अदलाबदल करावी. सरावाला उतरण्यापूर्वी प्रत्येक नट घट्ट आहे ना, हे पाहावे. हे काम आई-बाबांवर न सोपवता, मित्रांनो, तुम्ही स्वतः करावे.

हेन्स यांनी बर्फावर काढलेल्या रेघा त्या त्या हिवाळ्याबरोबर वितळून गेल्या. राहिली ती त्यांनी बसवलेली गिरकी आणि पायाशी एकरूप झालेला बूट. उद्या सरावाला जाताना नाड्या बांधण्यासाठी दोन मिनिटे जास्त द्या. तुमचा तोल तिथूनच सुरू होतो.