पसंतीलाही जात असते : बाबासाहेबांच्या आयुष्यातून एक धडा

जालना जिल्ह्यात दरवर्षी आपल्या समाजाचे वधू-वर परिचय मेळावे भरतात. मंचावर तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा असते, त्रिशरण-पंचशील होते, भाषणांतून जातिअंताची घोषणा होते. मग जेवणाच्या पंगतीत हळूच चौकशी सुरू होते. पाहुणे सोमवंशी की लाडवन? मुलगी रंगाने उजळ आहे की सावळी? बायोडाट्यात धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिलेले असते आणि पोटजातीचा रकाना तोंडी भरला जातो. कोणी हटकले तर उत्तर ठरलेले, की हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. ही आवड खरोखर ज्याची त्याची असते काय? परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य या एका प्रश्नाच्या अंगाने पुन्हा वाचले पाहिजे.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या भीमरावांचे लग्न १९०६ साली, शाळेत शिकत असतानाच झाले. भायखळ्याच्या मासळी बाजारात, रात्री बाजार उठल्यावर ते लागले. नवरी रमाई लहानगी होती. लग्न वडिलांनी ठरवले आणि रिवाजाप्रमाणे जातीतच ठरवले. त्यात भीमरावांच्या पसंतीचा प्रश्नच नव्हता. त्या काळी कोणाच्याच नव्हता.

१९१३ साली बडोद्याची शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. न्यूयॉर्क राज्यात काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला कायद्याने बंदी नव्हती. मात्र अमेरिकेच्या निम्म्याहून अधिक राज्यांत असा विवाह तेव्हा बेकायदा होता. अशा बंद्यांचे समर्थक सांगत की गोऱ्याला गोरीच आवडावी हा निसर्गनियम आहे. वकील म्हणून मला येथे साधा प्रश्न पडतो. निसर्गनियम असेल तर कायदा कशाला हवा? पाण्याने उताराकडे वाहावे म्हणून कोणी कलम घालत नाही. माणसे एकमेकांकडे ओढली जातात, म्हणूनच त्यांना अडवायला बंदी लागते. ही बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया या खटल्यात १२ जून १९६७ रोजी घटनाबाह्य ठरवली. तोपर्यंत सोळा राज्यांत ती शिल्लक होती.

मे १९१६ मध्ये कोलंबियातील एका चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात कशावर उभी आहे, याचे त्यांनी दिलेले उत्तर होते : जातीतच लग्न करण्याच्या सक्तीवर. ही सक्ती टिकवायची तर जातीत स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते. नवरा मेला की बाई जातीबाहेर जाण्याचा धोका. म्हणून सती आणि सक्तीचे वैधव्य. बायको मेली की पुरुषाला जातीतच बायको पुरवली पाहिजे. म्हणून बालविवाह. म्हणजे ज्याला आपण संस्कृती म्हणतो, ती माणसाच्या ओढीवर घातलेली कुंपणे आहेत.

बाबासाहेबांनी आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. जात म्हणजे वंश नव्हे. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात त्यांनी वंशशुद्धीचा दावा खोडला आणि १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथात डोक्याच्या-नाकाच्या मोजमापांचा आधार घेऊन तो पुन्हा खोडला. तेव्हा उजळ रंग म्हणजे उच्च कूळ, हे समीकरण विज्ञानाचे नसून ब्राह्मणी व्यवस्थेने आपल्या डोळ्यांत घातलेले काजळ आहे. लाहोरचे ते भाषण मंडळाने होऊ दिले नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापले. सहभोजनाने जात जाणार नाही, रक्ताचे नाते जुळल्याशिवाय परकेपणा संपणार नाही आणि त्यासाठी शास्त्रांचे पावित्र्य मोडावे लागेल, हे त्याचे सार होते.

२७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे अनेक वर्षे बाबासाहेब एकटे राहिले. मधुमेह आणि संधिवाताने शरीर खचत होते आणि संविधानाचे काम डोक्यावर होते. मुंबईत उपचार घेताना डॉ. शारदा कबीर यांची ओळख झाली. त्या जन्माने सारस्वत ब्राह्मण. १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत दोघांनी नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८७२ च्या मूळ विशेष विवाह कायद्यात दोघांनाही आपण हिंदू, बौद्ध, मुस्लिम वगैरे कोणताच धर्म मानत नाही, असे जाहीर करावे लागे. १९२३ च्या दुरुस्तीने हिंदू, बौद्ध, शीख, जैनांपुरती ती अट गेली. या विवाहावर सनातनी तर नाराज होतेच, पण आपल्यातल्याही अनेकांना तो रुचला नाही. निकटच्या माणसांची नाराजी पत्करूनही बाबासाहेबांनी आपला विचार आपल्या घरात आणला.

कायदामंत्री म्हणून त्यांनी हिंदू कोड बिलात विवाहाच्या वैधतेतून जातीची अट काढली. बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी राजीनामा दिला. पण वाट मोकळी झाली होती. १९४९ च्या कायद्याने हिंदूंचे आंतरजातीय विवाह वैध ठरले. पुढे १९५४ चा विशेष विवाह कायदा आणि १९५५ चा हिंदू विवाह कायदा आला. यातला दुसरा आपल्या बौद्धांनाही लागू आहे.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी माईसाहेबांनी बाबासाहेबांबरोबर धम्मदीक्षा घेतली. ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाणानंतर मात्र त्यांच्यावर संशयाचे मोहोळ उठले आणि त्यांना दीर्घकाळ चळवळीपासून दूर राहावे लागले. २००३ साली त्यांचे निधन झाले. कटू वाटेल, पण विचारले पाहिजे. त्या जन्माने ब्राह्मण नसत्या तर हा संशय इतका रुजला असता काय? दीक्षा घेतलेल्या स्त्रीला आपण जन्माच्या जातीनेच मोजले नाही काय?

आजही देशात जातीबाहेरचे विवाह सुमारे पाच टक्केच आहेत, असे २०११-१२ चे भारत मानव विकास सर्वेक्षण सांगते. जानेवारी २०१३ मध्ये सोनईला तीन तरुण मारले गेले. एप्रिल २०१४ मध्ये खर्ड्यात शाळकरी मुलाचा जीव गेला, आणि २०१७ मध्ये त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. सोनई-खर्ड्यासाठी आपण रस्त्यावर उतरलो, उतरलेच पाहिजे. पण आपल्याच लेकीने मातंग, चर्मकार किंवा दुसऱ्या पोटजातीचा मुलगा निवडला तर आपल्या घरात काय होते?

नोंदणी विवाहासाठी मुले-मुली माझ्याकडे येतात. तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागते, त्या तीस दिवसांची त्यांना धास्ती असते. त्यातली काही आपल्याच घरांतली असतात आणि त्यांना भीती आपलीच असते. कायदा बाबासाहेबांनी दिला. घराचे दार आपल्याला उघडायचे आहे. येत्या मेळाव्यात पोटजात विचारणाऱ्या पाहुण्याला तिथेच थांबवा, आणि रंगाचा रकाना बायोडाट्यातून काढून टाका. सुरुवात एवढी तरी करू या.

जयभीम!