समजून घ्या : कादंबऱ्या इंग्रजी, पण खुणा पोलिश! कोण होते जोसेफ कॉनरॅड?

परकी भाषा कितीही आत्मसात केली, तरी लिहिताना मातृभाषा डोकावतेच. कादंबरीकार जोसेफ कॉनरॅड हे याचे ठळक उदाहरण.

१८५७ मध्ये आजच्या युक्रेनमधील बर्डिचिव येथे पोलिश कुटुंबात त्यांचा जन्म झाला. अकराव्या वर्षी ते पोरके झाले. १८७४ मध्ये फ्रान्सच्या मार्सेल बंदरात जाऊन ते खलाशी बनले. १८७८ मध्ये ब्रिटिश जहाजावर रुजू झाले, तेव्हा त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते. १८९५ मध्ये त्यांची पहिली इंग्रजी कादंबरी आली.

खुणा कोणत्या?
नामानंतर येणारी विशेषणे, 'अ' आणि 'द'च्या वापरातील चुका. पोलिशमध्ये अशी आर्टिकल्सच नाहीत. विशेषणांच्या जागेत फ्रेंचचाही प्रभाव दिसतो. आज संगणकही अशाच खुणांवरून लेखकाची मातृभाषा ओळखतात.

मायदेशात मात्र १८९९ मध्ये लेखिका एलिझा ओझेश्कोवा यांनी, ते पैशासाठी इंग्रजीत लिहितात, अशी टीका केली. तो घाव त्यांना सलत राहिला.

१९२४ मध्ये त्यांचे निधन झाले. कँटरबरीतील थडग्यावर त्यांचे पोलिश आडनाव आहे. 'तेओदोर' हे नाव मात्र चुकीचे कोरले गेले आहे.