गिरणी-कामगारांचे कैवारी

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये तिची चाके फिरू लागली. पुढील तीस वर्षांत भायखळा, परळ, ताडदेव या भागांत गिरण्यांची उंच धुराडी उभी राहिली. रत्नागिरी, सातारा, पुणे या जिल्ह्यांतील खेड्यांतून माणसे पोटासाठी मुंबईस येऊ लागली. नांगर, मोट, होडी एवढीच साधने ज्यांनी आजवर हाताळली होती, ती माणसे आता वाफेच्या बळाने फिरणाऱ्या यंत्रांपुढे उभी राहिली.

त्या काळच्या गिरणीची रचना ध्यानात घेतली पाहिजे. एका मोठ्या वाफेच्या यंत्रापासून छताखाली लांबच लांब लोखंडी दांडे फिरत असत. त्या दांड्यांवरून चामड्याचे पट्टे खाली येत आणि एकेक साचा, एकेक माग चालवीत. कामगार आपल्यापुरता माग थांबवू शके. पण डोक्यावरचा दांडा व त्यावरचा पट्टा फिरतच राही. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर पट्ट्यात सापडला, तर मनुष्य ओरडण्यापूर्वीच ओढला जाई. हवा कोरडी झाली की सूत तुटते, म्हणून खिडक्या बहुधा बंद असत. आत उकाडा होई, आणि पिंजलेल्या कापसाची बारीक धूळ श्वासाबरोबर छातीत जाई. बहुतेक गिरण्यांत दिवे नसल्यामुळे काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. उन्हाळ्यात दिवस मोठा. तेव्हा तेरा-चौदा तास उभे राहावे लागे. दुपारच्या विसाव्याची शाश्वती नव्हती. कित्येकांना चालत्या यंत्राशेजारीच भाकरीचा घास घ्यावा लागे. सातव्या-आठव्या वर्षीच मुलेही कामास लागत. थकलेला हात चुकतो, आणि यंत्र चुकलेल्या हाताला क्षमा करीत नाही. ज्याचा हात गेला त्याचे कामही गेले. तो गावी परत जाई आणि त्याच्या जागी दुसरा उभा राही.

ही सारी स्थिती जवळून पाहणाऱ्यांत नारायण मेघाजी लोखंडे हे एक तरुण होते. त्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. नारायणरावांचा जन्म १८४८ मध्ये ठाणे येथे झाला. घरची स्थिती बेताची असल्यामुळे शालेय शिक्षण संपताच त्यांना नोकरी धरावी लागली. प्रथम रेल्वेत, नंतर टपाल खात्यात काम करून ते मुंबईच्या एका कापडगिरणीत कोठार सांभाळण्याच्या जागेवर आले. कोठारवाल्याचे काम सामानाचा हिशेब ठेवण्याचे. पंख्याखाली नसले तरी मेजाजवळ बसण्याचे ते काम होते, आणि कामगारांच्या दुःखाकडे पाठ फिरवूनही त्यांना ते करता आले असते. पण महात्मा जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे संस्कार त्यांच्या मनावर झालेले होते. पुण्यात कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडल्यावर लोखंड्यांनी १८८० मध्ये ते मुंबईत आपल्या हाती घेतले. गिरणीतील स्थिती आता छापील अक्षरांत सरकारच्या व शिकलेल्या लोकांच्या समोर येऊ लागली.

याच सुमारास, १८८१ मध्ये, हिंदुस्थानातील पहिला कारखाना-कायदा झाला. सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनी त्यासाठी मुंबईत पुष्कळ खटपट केली होती. या कायद्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि धोक्याच्या यंत्रांभोवती कुंपण घालावे असे ठरविले. परंतु मोठ्या माणसांच्या व स्त्रियांच्या कामाच्या तासांविषयी कायद्यात एक शब्दही नव्हता.

लोखंड्यांचा मार्ग सरळ नव्हता. मुंबईच्या गिरण्यांमुळे विलायतेतील लँकेशायरच्या गिरणीवाल्यांचा व्यापार बसू लागला होता, आणि म्हणून तेच मुंबईत कडक कायदा व्हावा असा आग्रह धरीत होते. त्यांना येथील कामगाराचा कळवळा आला होता असे नव्हे. त्यामुळे अनेक देशी पुढाऱ्यांना व वृत्तपत्रांना कारखाना-कायदा हा परदेशी व्यापाऱ्यांचा डाव वाटे. देशी उद्योगाचा त्यांना वाटणारा अभिमान खोटा नव्हता. पण पट्ट्यात हात सापडलेल्या माणसाला या वादात कोणी विचारले नव्हते. ते काम लोखंड्यांनी केले.

मुंबई सरकारने १८८४ मध्ये कारखान्यांच्या चौकशीसाठी एक मंडळ नेमले. लोखंड्यांनी सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबाग भागात कामगारांची सभा भरविली. गिरणी-कामगार आपल्या मागण्यांसाठी असे प्रथमच एकत्र जमले होते. तेथे ठरलेल्या अर्जावर पाच हजारांहून अधिक कामगारांच्या सह्या झाल्या. रविवारी पूर्ण सुट्टी मिळावी, दुपारी अर्धा तास विसावा असावा, काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे आणि मागील महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत हाती पडावा, अशा चार मागण्या त्यात होत्या. पाचवी मागणी सर्वांत धाडसाची होती. काम करताना ज्याला गंभीर इजा होईल त्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा, आणि जो जन्माचा अपंग होईल त्याच्या निर्वाहाची सोय करावी, असे तीत म्हटले होते. इजा हे कामगाराचे नशीब नव्हे, तर कारखान्याची जबाबदारी आहे, हा विचार त्या काळी येथे फारसा कोणी बोलून दाखविला नव्हता.

या सभेतून ‘बॉम्बे मिलहँड्स असोसिएशन’ ही संस्था निघाली व लोखंडे तिचे अध्यक्ष झाले. तिला धड लेखी नियम नव्हते, वर्गणी नव्हती, सभासदांची नोंदही नव्हती. एक कळकळीचा मनुष्य आणि त्याच्या शब्दावर जमणारे हजारो लोक एवढेच तिचे भांडवल होते. पाच-सहा वर्षे गेली, पण कायद्यात काही बदल झाला नाही. लोखंडे अर्ज करीत राहिले, लिहीत राहिले. पुढे २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानाजवळ त्यांनी मोठी सभा घेतली. सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामकरी स्त्रियाही त्या सभेत बोलल्या. ज्या काळात स्त्रिया सभेस येत नसत, त्या काळातील ही गोष्ट आहे. सुट्टीच्या मागणीचा अर्ज गिरणीमालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

त्याच वर्षी सरकारने नेमलेल्या नव्या चौकशी मंडळाच्या कामात मुंबईच्या कामगारांच्या वतीने लोखंड्यांना घेण्यात आले. १८९१ मध्ये सुधारलेला कायदा झाला. आठवड्याची सुट्टी व दुपारी अर्धा तास विसावा हे आता कायद्याचे नियम झाले. स्त्रियांचे काम अकरा तासांवर आले, आणि नऊ वर्षांखालील मुलांना गिरणीचे दार बंद झाले. पुरुषांच्या तासांना मात्र त्या कायद्याने हात लावला नाही. त्यासाठी १९११ सालापर्यंत वाट पाहावी लागली.

मुंबईत १८९३ मध्ये हिंदू-मुसलमानांची मोठी दंगल झाली, तेव्हा शांतता राखण्यासाठी लोखंडे पुढे झाले. पुढे सरकारने त्यांना ‘रावबहादुर’ ही पदवी दिली. १८९६ च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. लोक गाठोडी बांधून मिळेल त्या वाटेने आपापल्या गावी निघाले. ज्यांना जाणे शक्य नव्हते ते चाळींच्या कोंदट खोल्यांत पडून राहिले. लोखंडे शहर सोडून गेले नाहीत. रोग्यांच्या मदतीत गुंतले असताना त्यांनाच त्या रोगाने गाठले, आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. तेव्हा त्यांचे वय पन्नासही नव्हते.

त्यांच्या पाचव्या मागणीचे काम राहून गेले होते. कामावर इजा झालेल्या मजुरास भरपाई देणारा कायदा १९२३ मध्ये मंजूर झाला व १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. परळच्या त्या सभेला तेव्हा चाळीस वर्षे होत आली होती.