चार्ल्स केटरिंग : इंजिनाचं ऐकणारा मास्तर



कोकण रेल्वेवर सगळीकडे विजेच्या तारा आल्या नव्हत्या, तेव्हाची गोष्ट. चौथीच्या मुलांना स्टेशन दाखवायला घेऊन गेलो होतो. डिझेल इंजिन फलाटाला लागलं आणि सगळ्या मुलांनी एकदम कानांवर हात ठेवले. मी घसा ताणून माहिती देत होतो, पण कुणालाच काही ऐकू गेलं नाही! परतताना एका मुलीने विचारलं की, एवढं मोठ्ठं ओरडणारं इंजिन बनवलं कुणी? मी पटकन रुडॉल्फ डिझेल यांचं नाव सांगून मोकळा झालो. उत्तर चूक नव्हतं, पण अर्धंच होतं. राहिलेलं अर्धं आज तुम्हाला सांगतो, कारण ते एका शाळामास्तरचं आहे.

आम्ही पाहिलेलं इंजिन टू-स्ट्रोक जातीचं होतं. फोर-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या दोनदा वर-खाली झाला की सिलिंडरमध्ये एकदा इंधन पेटतं. टू-स्ट्रोकमध्ये दर फेऱ्याला पेटतं. सिलिंडर १६ आणि मिनिटाला साधारण ९०० फेरे, म्हणजे मिनिटाला किती स्फोट? मुलांना गुणाकार करू द्या. १४,४०० येतात, सेकंदाला २४०. कान का झाकावे लागले, ते वहीतच कळतं.

चार्ल्स केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ चा. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, लाउडनव्हिल गावाजवळच्या शेतकरी घरात. नजर लहानपणापासून कमजोर. वाचायला बसलं की डोकं दुखायचं. तरीही शिकले आणि गावाकडच्या शाळेत मास्तर झाले. संध्याकाळी मुलांना वीज, चुंबक, उष्णता यांचे प्रयोग करून दाखवायचे. (आपल्याकडे साहित्य नाही म्हणून आपण प्रयोग टाळतो, त्यात मीही आलो.)

पुढे इंजिनिअरिंगला गेले, पण डोळ्यांनी दगा दिला आणि शिक्षण सोडावं लागलं. काही काळ टेलिफोनच्या तारा ओढणाऱ्या टोळीचे मुकादम होते. मन खचलं होतं. मात्र तारांच्या कामातच त्यांना पुन्हा गोडी लागली, डोळेही जरा सुधारले आणि १९०४ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, पदवी हातात पडली. आपल्या वर्गातल्या 'मागे पडलेल्या' मुलाच्या पालकांना मी ही तारीख आवर्जून सांगतो.

नोकरी लागली दुकानातली कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत. ते यंत्र हाताने फिरवावं लागे, त्याला त्यांनी विजेची छोटी मोटर बसवली. क्षणभरच जोर लावायचा असेल तर लहान मोटरही पुरते, हे त्यांना इथे उमगलं. तेव्हा मोटारगाडी पुढून हँडल मारून सुरू करत. हँडल उलटं फिरलं की माणसाचा हात मोडायचा. केटरिंग यांनी तीच कल्पना गाडीला लावली आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांना सेल्फ-स्टार्टर आला. १९२० पासून ते जनरल मोटर्सच्या संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

आता आपल्या डिझेलकडे येऊ. त्यांच्याकडे डिझेलवर चालणारी एक नौका होती. हे गृहस्थ वर डेकवर वारा खात बसायचे सोडून खाली इंजिनखोलीत जाऊन बसायचे. धूर, तेल, धडधड! इंजिन एवढं जड कशाला हवं, असा प्रश्न त्यांना तिथे पडला. एका सिलिंडरचं चाचणी-इंजिन करून त्यात ते निरनिराळे दट्टे घालून चालवत बसले. कोणता चांगला हे साहेबाने नाही, इंजिनाने ठरवायचं, ही त्यांची पद्धत. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरने सर्वांत जास्त छळलं. मुलगा यूजीन याच कामात होता.

१९३३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात प्रत्येकी ६०० अश्वशक्तीची दोन टू-स्ट्रोक इंजिनं मांडली. दिवसा लोक कौतुक करत आणि रात्री यूजीन आणि सोबती दुरुस्ती करत. बर्लिंग्टन रेल्वेचे प्रमुख राल्फ बड यांनी ती पाहिली आणि आपल्या नव्या गाडीला तसलंच इंजिन मागितलं. २६ मे १९३४ रोजी 'झेफिर' गाडी पहाटे डेनव्हरहून निघाली आणि सुमारे १,६३३ किलोमीटर कापून संध्याकाळी शिकागोला पोहोचली. वेळ लागला १३ तास ५ मिनिटं. वाटेत स्टार्टरची तार जळाली आणि इंजिन बंद पडलं. एका तंत्रज्ञाने तारेची टोकं हातांनी जोडून धरली. इंजिन सुरू झालं, पण त्याचे हात भाजले. हात वाचवायला स्टार्टर शोधणाऱ्या माणसाच्या इंजिनासाठी हे घडलं, म्हणून ही घटना माझ्या मनातून जात नाही.

इथे थांबलो तर हे चरित्र गोड होईल, पण खरं होणार नाही. १९२१ साली केटरिंग यांच्याच प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना पेट्रोलमध्ये शिसं मिसळायची युक्ती सापडली. इंजिनाचा खडखडाट थांबला. शिसं विषारी असतं हे तेव्हाही ठाऊक होतं. १९२४ साली न्यू जर्सीत हे मिश्रण बनवणारे कामगार भ्रमिष्ट होऊन दगावले. डॉक्टर ॲलिस हॅमिल्टन यांनी इशारे दिले, तरी केटरिंग मागे हटले नाहीत. शिशाचा धूर लहान मुलांच्या मेंदूला सर्वांत जास्त बाधतो. भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं. इंजिनाची कुरकुर बारकाईने ऐकणाऱ्या माणसाला हॅमिल्टनबाईंचं ऐकू आलं नाही, हे मी सहावी-सातवीच्या मुलांपासून लपवत नाही.

२५ नोव्हेंबर १९५८ रोजी केटरिंग गेले. त्यांच्या मुलाने घडवलेल्या '५६७' इंजिनांवर धावणारी लोकोमोटिव्ह १९६२ मध्ये भारतात आली. ५६७ म्हणजे एका सिलिंडरची जागा, घनइंचांत. आमच्या मुलांनी पाहिलेलं इंजिन याच घराण्यातलं, ७१० घनइंचांचं.

माझे मामा एका डिझेल शेडमध्ये फिटर होते. अशा इंजिनांची पूर्ण ताकदीवर चाचणी चालली की बोलून उपयोग नसायचा, सगळं हातवाऱ्यांनी चालायचं. कानाला लावायला मफ मिळाले ते फार उशिरा, तोवर कापसाच्या बोळ्यावर भागवलं. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास कानावर पडला तरी इजा होऊ लागते, आणि इथला आवाज त्याच्या कितीतरी वर. मामांना आता दारावरची बेल ऐकू येत नाही. पण दूरवर डिझेल इंजिन आलं की ते जमिनीवर तळवा टेकवतात आणि एखादा सिलिंडर नीट पेटत नसेल, तर तेवढं बरोबर सांगतात.