ओसरीवरचे गुरुजी

दादाभाई नौरोजींचे नाव काढले की पांढरी दाढी, चष्मा आणि पारशी पगडी असा एक वृद्ध चेहरा डोळ्यांपुढे येतो. इतिहासाच्या पुस्तकात त्यांच्यासाठी चार ओळी ठरलेल्या आहेत. राष्ट्रीय सभेचे तीन वेळा अध्यक्ष, संपत्तीच्या अपहाराचा सिद्धांत, ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद, आणि भारताचे पितामह. परीक्षेला एवढे पुरते. मीही एवढ्यावरच भागवले होते. पण पितामह होण्यापूर्वी हा माणूस तेवीस-चोवीस वर्षांचा तरुण मास्तर होता आणि सकाळी लोकांच्या ओसऱ्या मागत हिंडत होता, हे मला फार उशिरा कळले. त्या दादाभाईंविषयी मला येथे लिहायचे आहे.

दादाभाईंचा जन्म 4 सप्टेंबर 1825 रोजी मुंबईत झाला. चार वर्षांचे असताना वडील वारले. आई माणेकबाईंना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते, पण मुलाने शिकावे हा तिचा हट्ट होता. घरची गरिबी. मुलाला ती प्रथम एका मेहताजींच्या गावठी शाळेत घालते. हे मेहताजी मोठ्या मनाचे असले पाहिजेत. नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीची नवी शाळा निघाली तेव्हा आपला विद्यार्थी हातचा जाईल हा विचार न करता त्यांनीच माणेकबाईंना मुलगा तिकडे पाठवण्यास सांगितले. त्या शाळेत फी नव्हती. फी असती तर आपले शिक्षण तेथेच संपले असते, असे दादाभाई म्हातारपणीही सांगत. ज्या गोरगरिबांच्या पैशावर आपण शिकलो त्यांचे देणे आपल्यावर आहे, ही जाणीव त्यांच्या मनात तेव्हापासून रुजली. पुढे 1882 मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी निदान चार वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण मागितले. त्याच आयोगापुढे महात्मा फुल्यांनीही बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली होती.

लहानपणी दादाभाई अंकगणितात तरबेज होते. त्या काळातली एक गंमत आहे. शाळेच्या परीक्षेत बक्षीस दुसऱ्याच मुलाला मिळाले, कारण त्याने आकडेमोडीचे सगळे पुस्तक घोकून ठेवले होते. पुढे पुस्तकाबाहेरचे प्रश्न विचारले जाऊ लागले तेव्हा तो गप्प झाला आणि दादाभाई उभे राहून पटापट उत्तरे देऊ लागले. समारंभाला आलेल्या एका युरोपियन गृहस्थाने तेथेच आपल्या पदरचे बक्षीस त्यांना दिले. गाइडे घोकणाऱ्या आपल्या पिढीला ही गोष्ट सांगण्याजोगी आहे!

पुढे एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी नाव काढले. मुंबईचे सरन्यायाधीश सर अर्स्किन पेरी यांनी त्यांना बॅरिस्टरीसाठी विलायतेस पाठवायचे ठरवले. निम्मा खर्च ते स्वतः देणार होते, निम्मा पारशी समाजाने द्यायचा होता. पोरगा तिकडे जाऊन ख्रिस्ती होईल या भीतीने समाजातील वडीलधाऱ्यांनी नकार दिला. मग दादाभाई आपल्याच कॉलेजात साहाय्यक शिक्षक झाले आणि 1854 मध्ये तेथेच गणित व पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्या कॉलेजातील ती जागा मिळवणारे ते पहिले भारतीय.

1848 मध्ये प्राध्यापक पॅटन यांच्या प्रोत्साहनाने एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्यांनी व तरुण शिक्षकांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी काढली. निबंध वाचावेत, वाद करावेत, एवढाच आरंभीचा हेतू. लवकरच तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या. मराठी ज्ञानप्रसारक सभेचे अध्यक्षपद व्याकरणकार दादोबा पांडुरंगांकडे होते. इंग्रजीतून मिळालेले ज्ञान ज्यांना इंग्रजी येत नाही त्यांना त्यांच्या भाषेत द्यायचे, असे या शाखांचे काम. व्याख्याने होत. दादाभाई गुजराती शाखेत विज्ञानाच्या विषयांवर बोलत.

1849 च्या ऑगस्टमध्ये सभेत बेहरामजी गांधी यांनी स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा झाली, टाळ्या पडल्या. अशा ठिकाणी आपल्याकडे चहा होतो आणि मंडळी घरी जातात. ही पोरे मात्र घरी गेली नाहीत. मुलींच्या शाळा आपणच काढू, आपणच शिकवू, पगार नको, असे त्यांनी ठरवले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात शाळा सुरू झाल्या. आरंभी चव्वेचाळीस पारशी आणि चोवीस हिंदू मुली आल्या. शिकवणारे सगळे सकाळी मुलींना शिकवत आणि मग आपापल्या कॉलेजात किंवा नोकरीवर जात.

पण मुली मिळवायच्या कशा? दादाभाई आणि त्यांचे सोबती घरोघर हिंडत. तुमच्या ओसरीवर बसून तुमच्या मुलींना अक्षरे शिकवू द्या, एवढीच विनंती. काही बापांनी ऐकून घेतले. काहींनी जिन्यावरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली. मुलगी शिकली की बिघडते, ही समजूत पारश्यांत होती आणि हिंदूंतही.

हे वाचताना मला आमचे रविवार आठवले. आमच्या कॉलेजचे काही जण जवळच्या एका खेड्यात दहावीच्या मुलामुलींना गणित आणि इंग्रजी शिकवायला जातो. त्यांत काही कन्नड माध्यमाची मुले आहेत, काही मराठी. पुढे पीयूसीला कोणती शाखा घ्यावी, अर्ज कुठे करावा, शिष्यवृत्तीला कोणते कागद लागतात हेही सांगतो. दोन घरांनी मुलींना पाठवण्यास नकार दिला तेव्हा आम्ही महिनाभर त्याचीच चर्चा करत होतो. आम्हाला निदान जिन्यावरून कोणी ढकलले नाही, आणि त्या गावात जिनेही फारसे नाहीत!

तरुणांच्या उत्साहाला एक मर्यादा असते. परीक्षा येतात, नोकऱ्या लागतात, माणसे पांगतात. मुंबईच्या या शाळा टिकल्या याचे कारण मोठ्यांनी वेळेवर हात दिला. कामा घराण्याने पैसा पुरवला. हिंदू मुलींच्या शाळेला जगन्नाथ शंकरशेट यांनी जागा दिली. डॉ. भाऊ दाजी लाड सोसायटीच्या पाठीशी उभे राहिले. तरीही एक गोष्ट सांगायलाच हवी. या शाळांत आल्या त्या बहुतेक बऱ्या घरच्या मुली. त्याआधीच, 1848 मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली होती आणि ती दोघे लवकरच महार-मांगांच्या मुलांपर्यंत पोचली. मुंबईच्या तरुणांची धाव तेथवर गेली नाही. त्यांचे श्रेय मोठे आहे, पण दोन्ही कामे एका मापाने मोजता येणार नाहीत, असे मला वाटते.

1855 मध्ये दादाभाई प्राध्यापकी सोडून कामांच्या पेढीचे भागीदार म्हणून विलायतेस गेले. तेथे व्यापार केला, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजराती शिकवली. मध्यंतरी बडोद्याचे दिवाणपद वर्षभर सांभाळले आणि जानेवारी 1875 मध्ये सोडले. हे सगळे चरित्रग्रंथांत आहे. मला त्यांचे दुसरे काम अधिक मोलाचे वाटते. शिक्षणासाठी आलेल्या हिंदी मुलांचे ते लंडनमधले वडीलधारे झाले. 1888 मध्ये एकोणीस वर्षांचा मोहनदास गांधी त्यांच्या नावे ओळखपत्र घेऊन गेला होता. एवढ्या मोठ्या माणसाला त्रास कसा द्यावा म्हणून त्याने ते बरेच दिवस दिलेच नाही. अखेर दिले तेव्हा दादाभाईंनी त्याला वाटेल तेव्हा यायला सांगितले.

विद्यार्थ्यांसाठीची त्यांची सर्वांत लांब लढाई सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेची. रुस्तमजी वाडिया नावाचा तरुण त्या परीक्षेची तयारी करायला 1856 मध्ये इंग्लंडला आला. परीक्षा तोंडावर आली आणि 1859 मध्ये वयोमर्यादा तेवीसवरून बावीसवर आणली गेली. वाडिया बाद! दादाभाईंनी सरकारशी पत्रव्यवहार केला, पण निर्णय बदलला नाही. हजारो मैल समुद्र ओलांडून, कर्ज काढून, धर्म बुडाल्याचा ठपका घेऊन आलेल्या मुलाला एका नियमाने परत पाठवता येते, हे त्यांनी तेव्हा पाहिले. परीक्षा लंडनबरोबर हिंदुस्थानातही घ्या, ही मागणी त्यांनी मग सोडली नाही. 1892 मध्ये ते सेंट्रल फिन्सबरीतून अवघ्या काही मतांनी निवडून आले. पुढच्या वर्षी 2 जून रोजी हर्बर्ट पॉल यांनी कॉमन्स सभेत तसा ठराव मांडला, दादाभाईंनी त्याला पाठिंबा दिला आणि तो मंजूरही झाला. सरकारने तो बासनात गुंडाळून ठेवला.

30 जून 1917 रोजी दादाभाई मुंबईत वारले. ज्या शहरात त्यांनी मुलींसाठी ओसऱ्या मागितल्या त्याच शहरातून त्यांच्या नाती शिकायला थेट युरोपला गेल्या होत्या. पेरीन तर पॅरिसच्या सोरबोनमध्ये शिकली. सिव्हिल सर्व्हिसची परीक्षा हिंदुस्थानात पहिल्यांदा झाली ती 1922 मध्ये, अलाहाबादेत.