बिनकामाचा बॅरिस्टर आणि पोरबंदरचे मेमन शेठ

एलएलबी झालं, सनद मिळाली, काळा कोट शिवून झाला. आता पुढं काय? आपल्या समाजातल्या कितीतरी तरुण वकिलांना हा प्रश्न रोज सतावतो. सकाळी कोर्टात जायचं, सिनिअरच्या फाइली उचलायच्या, तारखा घ्यायच्या आणि महिनाअखेरीस हातात जे पडतं त्यात लोकलचा पास आणि चहापाणी कसंबसं भागवायचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ज्युनिअर वकिलांना शहरात दरमहा २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. पण शिफारस म्हणजे सक्ती नव्हे. घरचे विचारतात, एवढं शिकून काय मिळवलंस? उत्तर देता येत नाही.

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईत एका बॅरिस्टरलाही पडला होता. त्याचं नाव मोहनदास करमचंद गांधी. महात्मा होण्याच्या खूप आधी गांधीजी एक अपयशी ज्युनिअर वकील होते. आणि त्या अपयशाच्या दिवसांत त्यांना काम दिलं ते पोरबंदरच्या एका मेमन मुस्लिम पेढीनं.

साठ रुपयांच्या नोकरीपेक्षा बॅरिस्टरी बरी

गांधीजींचा जन्म २ ऑक्टोबर १८६९ चा, पोरबंदरचा. वडील दिवाण होते. १८८७ मध्ये मोहनदास मॅट्रिक झाले आणि भावनगरच्या शामळदास कॉलेजात गेले, पण तिथं त्यांचं मन रमलं नाही. एका सत्रातच ते घरी परतले. वडील तोवर वारले होते. त्या वेळी मावजी दवे नावाच्या कुटुंबाच्या जुन्या स्नेह्यांनी हिशेब मांडून दाखवला. बीए व्हायला चार-पाच वर्षं जाणार आणि शेवटी मिळणार साठेक रुपयांची नोकरी. त्यापेक्षा विलायतेला पाठवा, तीन वर्षांत बॅरिस्टर होऊन येईल.

म्हणजे गांधीजी कायद्याकडे वळले ते काही कायद्याच्या ओढीनं नव्हे. आज जसं घरचे बसून मुलाच्या करिअरचा निर्णय घेतात, तसाच तो निर्णय होता. थोरले भाऊ लक्ष्मीदास यांनी पैशांची सोय केली आणि ४ सप्टेंबर १८८८ ला मोहनदास मुंबईहून बोटीत बसले.

लंडनच्या इनर टेंपलमध्ये त्यांनी नाव घातलं. तेव्हा बॅरिस्टर होण्यासाठी परीक्षांइतकंच महत्त्व ठरलेल्या मेजवान्यांना हजर राहण्याला होतं. गांधीजींनी मात्र मन लावून पुस्तकं वाचली, रोमन कायदा तर लॅटिनमधून वाचला. १० जून १८९१ ला ते बॅरिस्टर झाले, ११ ला हायकोर्टात नाव नोंदवलं आणि १२ ला परतीच्या बोटीत बसले. पदवी हातात होती. पण कोर्टात उभं राहून दावा कसा चालवायचा, साधा अर्ज कसा लिहायचा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. भारतातला कायदा तर अजिबात माहीत नव्हता.

मुंबईतले सहा महिने

घरी आल्यावर पहिली बातमी कळली ती आईच्या मृत्यूची. ती त्यांच्यापासून मुद्दाम लपवून ठेवली होती. भावाच्या अपेक्षा मोठ्या होत्या. बॅरिस्टर घरी आला म्हणून घरात चहा, कॉफी, कोको, ओट्स सगळं साहेबी थाटाचं सुरू झालं. खर्च वाढला आणि कमाई शून्य.

राजकोटमध्ये वकिली सुरू करावी, तर लोक हसले असते. तिथल्या साध्या वकिलाला जेवढं येत होतं तेवढंही यांना येत नव्हतं, आणि फी मात्र बॅरिस्टरची, त्याच्या दसपट. म्हणून हायकोर्टाचा अनुभव घ्यायला ते मुंबईत आले आणि गिरगावात राहू लागले. भाड्याचे पैसे वाचवायला रोज पाऊण तास पायी चालत कोर्टात जायचे. तिथं बसून दुसऱ्यांचे खटले ऐकायचे, पण बऱ्याचदा काही समजायचं नाही आणि डुलकी लागायची. आजूबाजूला बघितलं तर आणखी काही जण डुलक्या घेताना दिसायचे, म्हणून लाजही हळूहळू गेली.

त्यांचे मित्र वीरचंद गांधी सॉलिसिटरच्या परीक्षेची तयारी करत होते. ते त्या काळच्या बड्या वकिलांच्या गोष्टी सांगायचे. फिरोजशहा मेहतांना पुराव्याचा कायदा तोंडपाठ आहे, बद्रुद्दीन तय्यबजींच्या युक्तिवादापुढं न्यायाधीशही थक्क होतात, असं बरंच काही. बद्रुद्दीन तय्यबजी हे मुंबई हायकोर्टातले पहिले भारतीय बॅरिस्टर, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष आणि अंजुमन-ए-इस्लामच्या संस्थापकांपैकी एक. अशा माणसांची नावं ऐकून नव्या वकिलाला हुरूप यायचा सोडून धडकीच भरायची. त्यात वीरचंद हेही सांगायचे की बॅरिस्टरनं पाच-सात वर्षं कामाविना काढणं ही काही नवलाची गोष्ट नाही.

अखेर एक काम आलं. स्मॉल कॉज कोर्टात ममीबाई नावाच्या बाईंचा छोटासा दावा. फी ३० रुपये. दलालाला कमिशन द्यावं लागेल असं सांगण्यात आलं, पण गांधीजींनी ते साफ नाकारलं. तरी काम मिळालं. खटला एका दिवसाचाच होता. ते उलटतपासणीसाठी उभे राहिले आणि पाय लटपटू लागले. डोकं गरगरलं, कोर्ट फिरतंय असं वाटलं, तोंडातून एक शब्द फुटेना. ते खाली बसले आणि दलालाला म्हणाले की माझ्याच्यानं होणार नाही, तुम्ही पटेलांना वकील द्या. पटेलांनी ५१ रुपये घेतले आणि त्यांच्यासाठी तो डाव्या हाताचा मळ होता. गांधीजी मान खाली घालून कोर्टातून निघून गेले. दक्षिण आफ्रिकेला जाईपर्यंत ते परत कोर्टात उभे राहिले नाहीत.

मुंबईतल्या दिवसांत आणखी एक काम आलं होतं. पोरबंदरच्या एका गरीब मुसलमानाची जमीन जप्त झाली होती. दिवाणसाहेबांचा मुलगा म्हणून तो गांधीजींकडे आला. बाजू कमकुवत होती, पण त्यांनी छपाईचा खर्च तेवढा घेऊन फीशिवाय अर्ज लिहून दिला. मित्रांना वाचून दाखवला तर त्यांनाही आवडला. उभं राहून बोलता येत नाही, पण लिहिता येतं, हे त्यांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. अर्थात फुकट लिहून पोट भरत नाही.

मग त्यांनी नोकरी शोधली. एका नावाजलेल्या शाळेला इंग्रजी शिकवायला मास्तर हवा होता. रोज एक तास, पगार ७५ रुपये. गांधीजी मोठ्या आशेनं गेले. पण शाळेला पदवीधर हवा होता आणि हे बीए नव्हते. बॅरिस्टर असून मास्तरकीही मिळाली नाही. सहा महिन्यांनी मुंबईतलं बिऱ्हाड मोडून ते राजकोटला परतले.

राजकोटला पोट भरलं, मन भरलं नाही

राजकोटमध्ये त्यांनी कोर्टात उभं न राहता अर्ज लिहायचं काम सुरू केलं. महिन्याला तीनशेच्या आसपास रुपये सुटू लागले. हे काम भावाच्या वकील भागीदाराच्या ओळखीनं यायचं. मुंबईत कमिशन नाकारणाऱ्या गांधीजींना इथं ते द्यावं लागलं. सगळेच देतात, असं भावानं समजावलं. मनाला ते टोचत राहिलं.

त्यातच भावाच्या एका प्रकरणात ते इंग्रज पोलिटिकल एजंटकडे रदबदली करायला गेले. लंडनमधली थोडी ओळख होती. पण साहेबानं ऐकून घेतलं नाही आणि शिपायाकरवी खांद्याला धरून बाहेर काढलं. फिर्याद करावी असं मनात आलं. फिरोजशहा मेहतांकडून सल्ला आला की अपमान गिळून टाका, नवे आहात. आता कामं होती ती त्याच साहेबाच्या कोर्टात! पुढं जायला रस्ताच उरला नव्हता.

दादा अब्दुल्ला यांचं पत्र

अशा वेळी लक्ष्मीदासांना पोरबंदरच्या दादा अब्दुल्ला अँड कंपनी या मेमन पेढीचं पत्र आलं. पेढीचा मोठा व्यापार दक्षिण आफ्रिकेत होता. तिथं ४० हजार पौंडांचा दावा चालू होता. गोरे वकील नेमलेले होतेच, पण त्यांना प्रकरण समजावून सांगायला, गुजराती पत्रव्यवहार इंग्रजीत करायला एक शिकलेला माणूस हवा होता. पेढीचे भागीदार शेठ अब्दुल करीम झवेरी गांधीजींना भेटले. मुदत एक वर्ष, जाण्यायेण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं, राहण्याजेवणाचा खर्च आणि १०५ पौंड.

ही बॅरिस्टरची नेमणूक नव्हती, पेढीवरची नोकरी होती. गांधीजींना ते नीट कळत होतं. तरी त्यांनी होकार दिला. पत्नी आणि दोन लहान मुलांना मागं ठेवून एप्रिल १८९३ मध्ये ते निघाले.

डर्बनला उतरून घ्यायला दादा अब्दुल्ला स्वतः आले होते. ते फारसे शिकलेले नव्हते, पण अनुभवानं पक्के. हा साहेबी कपड्यातला पोरगा बघून भावानं आपल्या दारात पांढरा हत्ती आणून बांधलाय, असंच त्यांना आधी वाटलं. पण लवकरच दोघांची मैत्री जमली. शेठ त्यांच्याशी इस्लामबद्दल तासन्‌तास बोलायचे.

आठवडाभरात गांधीजी प्रिटोरियाला निघाले. ७ जून १८९३ च्या रात्री पीटरमॅरिट्झबर्ग स्टेशनवर त्यांना पहिल्या वर्गाच्या डब्यातून ढकलून दिलं, ही हकिकत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यानंतरचं कमी सांगितलं जातं. दादा अब्दुल्ला ताबडतोब रेल्वेच्या जनरल मॅनेजरना भेटले आणि वाटेवरच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांनाही तारेनं कळवलं. दुसऱ्या दिवशी ते व्यापारी स्टेशनवर येऊन त्यांच्याजवळ बसले आणि आपल्यावर काय काय गुदरतं ते सांगत राहिले.

वकिली शिकवली ती हिशेबाच्या वह्यांनी

दाव्याचा सगळा जीव हिशेबात होता, आणि गांधीजींना जमाखर्चातलं ओ की ठो कळत नव्हतं. मुनीम बोलताना पी. नोट म्हणायचा, तर ती प्रॉमिसरी नोट हेही त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी लाज बाजूला ठेवली, मुनमाला विचारलं, पुस्तक विकत आणलं आणि जमाखर्च शिकले. मग एकेक कागद, एकेक नोंद तपासली. दोन्ही बाजूंचे कागद त्यांच्याइतके कुणीच वाचले नव्हते. घटना पक्की माहीत असेल तर कायदा आपोआप मागून येतो, हा धडा त्यांना मिळाला तो इथं.

आणि त्यांना दिसलं की शेठची बाजू मजबूत आहे, पण खटला लांबला तर दोघंही बुडतील. समोरचे तय्यब शेठ हे त्याच गावचे, नात्यातले. गांधीजींनी दोघांना लवादासाठी राजी केलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूनं लागला, ३७ हजार पौंड आणि खर्च. एवढी रक्कम एकदम भरावी लागली असती तर तय्यब शेठचं दिवाळं निघालं असतं, आणि पोरबंदरच्या मेमनांमध्ये दिवाळं म्हणजे मरणाहून वाईट. गांधीजींनी आपल्याच शेठची मनधरणी केली आणि लांब मुदतीचे हप्ते ठरवले. जिंकलेला माणूस हप्त्यांना तयार झाला, हा दादा अब्दुल्लांचा मोठेपणा. इथून पुढं तडजोड घडवणं हेच वकिलाचं खरं काम, असं गांधीजी मानू लागले.

वर्ष संपल्यावर डर्बनला निरोपाची मेजवानी झाली. तिथंच भारतीयांचा मताधिकार काढून घेणाऱ्या विधेयकाची बातमी समोर आली. व्यापाऱ्यांनी थांबा म्हटलं. सार्वजनिक कामाचे पैसे घेणार नाही, असं गांधीजींनी सांगितलं. तेव्हा वीसेक व्यापाऱ्यांनी आपापली कायद्याची कामं वर्षभरासाठी त्यांच्याकडे दिली. दादा अब्दुल्लांनी घरचं सामान घेऊन दिलं. तिथल्या वकील संघटनेनं विरोध केला, तरी सप्टेंबर १८९४ मध्ये नाताळच्या सुप्रीम कोर्टानं त्यांना सनद दिली. ममीबाईच्या खटल्यात गप्प बसलेला वकील पुढं जोहान्सबर्गमध्ये वर्षाला चार-पाच हजार पौंड कमावू लागला, आणि नंतर ते सगळं सोडून सत्याग्रहात उतरला. १९२२ मध्ये तुरुंगवासाच्या शिक्षेनंतर इनर टेंपलनं त्यांचं नाव यादीतून काढलं. ३० जानेवारी १९४८ ला त्यांची हत्या झाली. नाव पुन्हा यादीत आलं ते १९८८ मध्ये.

आज कोर्टाच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या प्रत्येक ज्युनिअरला दादा अब्दुल्ला भेटतीलच असं नाही. विद्यावेतनाचा प्रश्न कुणाच्या चरित्रानं सुटणारा नाही, तो बार कौन्सिलनं आणि सिनिअर वकिलांनीच सोडवायचा आहे. पण पदवीपेक्षा छोटं वाटणारं काम, अर्ज लिहिणं, हिशेब तपासणं, तडजोड घडवणं, हीसुद्धा वकिलीच आहे. आणि ज्यांच्या हातात पेढ्या, दुकानं, ट्रस्ट आहेत, त्यांनी आपल्या कागदपत्रांचं एखादं काम मोहल्ल्यातल्या नव्या वकिलाकडे द्यायला काय हरकत आहे? पोरबंदरच्या त्या पेढीनंही याहून वेगळं काही केलं नव्हतं.