नानांचा वाडा, आपली शाळा

मित्रहो, ज्या वाड्यात आपण शिकलो, तो बांधणारे नाना फडणवीस आपल्याला इतिहासाच्या तासाला सनावळीपुरतेच भेटले. म्हणून हे थोडेसे.

बाळाजी जनार्दन भानू यांचा जन्म १७४२ साली साताऱ्याला झाला. पानिपतावरून ते जेमतेम जीव वाचवून परतले. बरोबर गेलेली आई मात्र परतली नाही. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यातच झाला. पुढे बारभाईंच्या कारभारात नानांनी तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य सांभाळले. १७८० च्या सुमारास त्यांनी शनिवारवाड्याजवळ स्वतःचा वाडा बांधला. तेव्हाच्या रीतीने घराचे तोंड आत चौकाकडे, रस्त्याच्या बाजूला जाड भिंती, दिवाणखान्यात सुरूचे कोरीव खांब. १३ मार्च १८०० रोजी नाना गेले. त्यांना मुलगा नव्हता. पुढे त्या वाड्यात न्यू इंग्लिश स्कूलचे वर्ग भरू लागले.

१९६१ च्या पानशेत पुरात नदीकाठचे कित्येक वाडे पडले. नंतर उरलेल्यांच्या जागी सोसायट्या उठल्या. आमचे बिऱ्हाडही पेठेतल्या वाड्यातून कोथरूडच्या फ्लॅटमध्ये आले. घरात नळ आला म्हणून आई सुखावली. पण संध्याकाळी चौकात जमणाऱ्या बायका तिला शेवटपर्यंत आठवत राहिल्या.

माझ्या नातवाला चौक म्हणजे सिग्नलचा, एवढेच ठाऊक आहे. संमेलनाला येताना त्याला नानावाडा दाखवणार आहे. तुम्हीही मुला-नातवंडांना आणा.